नऊ खुंट्या

काटेसाहेबांच्या डोक्याला डाव्या बाजूला, कानाच्या वर चार बोटं सोडून, एक भोक पाडलेलं होतं. त्या भोकातून मेंदूत काही घातलं होतं की नुसतंच भोक पाडून बुजवलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हतं, आणि दर महिन्याला त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते कागदावर लिहून कागद लिफाफ्यात घातला होता आणि वरून लाखेचं सील मारलं होतं. प्रयोगाची रीतच तशी होती. काटेसाहेबांना ती रीत फार पटली. डोक्याला भोक पाडून घ्यायला ते तयार झाले त्यात त्या सीलचा वाटा मोठा होता.

चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानात न सांगता जायचं, पिशवीतून पितळी वजनं काढायची, तराजूत टाकायची, आणि काटा केसभर हलला तरी तराजू जप्त. काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं, आणि ते काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. घरीही सुटका नव्हती. स्वयंपाकघरातला वजनकाटा दर वर्षाच्या सुरुवातीला तपासला जाई. एका वर्षी तो नापास झाला तेव्हा नवीन येईपर्यंत बायकोला तीन आठवडे अंदाजानं स्वयंपाक करावा लागला, आणि काटेसाहेबांनी तो तीन आठवडे संशयानं खाल्ला.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी दात घासताना त्यांच्या उजव्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले ते परत उभे राहिलेच नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. पाय चार महिन्यांनी वळणावर आला. बोलणं सहा महिन्यांनी परत आलं. शब्द येत, पण एकेक करून, मधे बराच वेळ थांबून. हात मात्र आला नाही. कोपरापासून पुढे तो पाहुण्यासारखा मांडीवर बसून राही.

त्या हातापायी सगळ्यात मोठी अडचण बटणांची होती. डाव्या हातानं बटण लावायला शर्टाची दुसरी कड कुणीतरी धरावी लागते, आणि ते काम उजवा हात करत नव्हता. बायको करत होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेले. सकाळी तर तिला बाटलीचं झाकणही उघडवत नसे. तरी रोज ती त्यांच्यासमोर उभी राहून सात बटणं लावी.

"बिनबटणांचे कपडे का नाही घालत, बाबा?" मुलीनं फोनवर विचारलं होतं.

"मी झोपायला चाललेलो नाही," ते म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

चौथ्या बटणाला बायकोचा श्वास अडके. तेव्हा काटेसाहेब छताकडे बघत. त्यांना तिची कीव येई आणि स्वतःची चीड येई, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ते काहीच बोलत नसत.

म्हणून ते प्रयोगात गेले.

"मूलपेशी म्हणजे ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं ठरलेलं नाही अशा पेशी," डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "एखाद्या निरोगी माणसाच्या हाडाच्या मगजातून आम्ही त्या काढतो, वाढवतो, आणि मेंदूतला जो भाग मेलाय त्याच्या कडेला सोडतो."

"मग त्यांचा... मेंदू होतो?"

"नाही. बहुतेक सगळ्या महिनाभरात मरून जातात. पण तोवर शेजारच्या जिवंत पेशींना काहीतरी निरोप देतात, कामाला लावतात. असा आमचा अंदाज आहे."

"बदलीवर आलेले साहेब," काटेसाहेब म्हणाले. "महिनाभर असतात. सगळ्यांना कामाला लावून जातात."

"मला तर असा साहेब कधी दिसला नाही," बायको म्हणाली.

निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं भोक. वर्षानं लिफाफे उघडायचे, आणि ज्यांना नुसतं भोक मिळालं त्यांना मग खऱ्या पेशी द्यायच्या. अट एकच, वर्षभर नियमात राहायचं. नियम बेचाळीस पानांचे होते. त्याखाली लोक सही करत, वाचत कुणी नसे. काटेसाहेबांनी दोन दिवस घालून ते वाचले आणि डाव्या हातानं प्रत्येक पानावर सही केली. साक्षीदार म्हणून बायकोनं शेवटच्या पानावर केली. तिनं वाचलं नव्हतं. घरात एकानं वाचलं की पुरे, असा तिचा हिशेब होता.

दर महिन्याला हाताची चाचणी असे. टेबलावर एक लाकडी पाटी, तिला तीन रांगांत नऊ भोकं, बाजूला वाटीत नऊ खुंट्या. उजव्या हातानं एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची. समोर कॅमेरा, आणि शेजारी घड्याळ घेऊन बसलेली एक बाई, जिला बायकोनं पहिल्याच दिवशी घड्याळबाई नाव देऊन टाकलं. रोग्याला उत्तेजन द्यायचं नाही आणि नाउमेदही करायचं नाही, असा घड्याळबाईला हुकूम होता. त्यामुळे चाचणी संपली की ती प्रत्येकाला एकाच सुरात "छान" म्हणे. नऊ बसल्या तरी छान, वाटी उपडी झाली तरी छान.

पहिल्या महिन्यात काटेसाहेबांनी शंभर सेकंदांत दोन खुंट्या बसवल्या. दुसऱ्या महिन्यात तीन.

"छान," घड्याळबाई म्हणाली.

"तीन," बायको घरी जाताना बसमध्ये म्हणाली. नंतर बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिच्या मनात काहीतरी शिजतंय हे काटेसाहेबांना कळलं.

तिसऱ्या महिन्यात चाचणीनंतर घड्याळबाई कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला बाहेर गेली. बायकोनं पर्समधून नवऱ्याच्या नोकरीतला स्टीलचा कॅलिपर काढला आणि पाटीची मापं घेतली. लांबी, रुंदी, जाडी, भोकाचा व्यास, भोकाची खोली, दोन भोकांमधलं अंतर. पुढच्या तारखेच्या कार्डामागे तिनं सगळं मिलिमीटरमध्ये उतरवलं. शेवटी लिहिलं : तिसरं भोक जरा लांबट. दुसरी कुणी बाई असती तर तिनं फोटो काढून समाधान मानलं असतं. पण चौतीस वर्षं काटेसाहेबांशी संसार केल्यावर अंदाजानं काही करवून घ्यायची तिची सवय मोडली होती.

खालच्या मजल्यावरच्या सुतारानं कार्ड दोनदा वाचलं.

"वहिनी, हे लांबट भोक सरळ करून देऊ ना?"

"नको. तिथं तसंच आहे."

दोन दिवसांत पाटी आली. दुपारी दोन ते चार सराव. बायको स्वयंपाकघरातला टायमर घेऊन समोर बसे आणि प्रत्येक फेरीनंतर घड्याळबाईच्या सुरात "छान" म्हणे, कारण परिस्थिती सगळी तिथल्यासारखी हवी. पहिले आठ दिवस खुंट्या जमिनीवरच जास्त असत. तिसरं भोक फार सतावे. मग काटेसाहेबांच्या लक्षात आलं की खुंटी किंचित उजवीकडे कलवली की ती आपोआप आत जाते.

एकोणतिसाव्या पानावर लिहिलं होतं : चाचणीच्या साधनावर घरी सराव करू नये.

ते पान काटेसाहेबांना पाठ होतं. पहिल्या दुपारी त्यांनी स्वतःला समजावलं की आपली पाटी हे काही चाचणीचं साधन नव्हे. चाचणीच्या साधनासारखं दिसणारं ते एक लाकूड आहे. हा युक्तिवाद कुठेतरी ऐकलाय असं त्यांना वाटलं. थोडा विचार केल्यावर आठवलं. बाजारातल्या एका तेलाच्या दुकानदाराचा होता. त्याच्याकडे दोन तराजू असत, एक साहेब आले की काढायचा आणि एक गिऱ्हाइकांसाठी. त्याचा परवाना काटेसाहेबांनी स्वतः रद्द केला होता. त्यांनी त्या दुकानदाराला मनातून हाकललं आणि चौथी खुंटी उचलली.

चौथ्या महिन्यात नऊच्या नऊ बसल्या, अठ्ठावन्न सेकंदांत. सहाव्या महिन्यात एकतीस. घड्याळबाई त्या दिवशी "छान" म्हणायचं विसरली. ती उठून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली, आणि दोघींनी कॅमेऱ्यातलं चित्रण तीनदा पाहिलं.

"एवढा फरक अजून कुणातच दिसला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "हा आकडा समितीकडे जाईल. पुढच्या तुकडीला पेशींचा डोस वाढवायचा का, ते समिती अशा आकड्यांवरून ठरवणार आहे. घरी कसं आहे? हात वापरता ना?"

"हो तर," बायको म्हणाली.

काटेसाहेबांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. सकाळी सातव्या बटणाला तिच्या अंगठ्यानं नकार दिला होता. हात खुंट्यांखेरीज घरात दुसरं काहीही करत नव्हता. चमचा धरत नव्हता, कड धरत नव्हता. तपासणीसाठी एक हात आणि घरासाठी दुसरा, आणि दोन्ही एकाच खांद्याला.

बाहेर प्रतीक्षागृहात बायको पाण्याची बाटली भरायला गेली. काटेसाहेबांच्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सखाली उजवा हात झाकलेला. असे झाकलेले हात त्यांना आता लांबून ओळखू येत.

"दादा, तुम्ही ते भोक पाडून घेतलंय ना?" तिनं विचारलं. "आत बाई बोलत होत्या ते ऐकलं मी. तुमचा हात आला म्हणे."

काटेसाहेबांनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मी पडदे शिवते. शिवत होते. मला फार भीती वाटते हो, डोक्याला भोक म्हणजे. मुलगा म्हणतो कर, सून म्हणते नको. मी म्हटलं, कुणाला तरी गुण आलेला डोळ्यांनी बघते, मग ठरवते." ती त्यांच्या हाताकडे बघून हसली. "आता करते सही."

काटेसाहेब उठले. बायको बाटली घेऊन परत येत होती.

"अहो, कुठे? बस जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि आत गेले. ती मागोमाग धावली.

घड्याळबाई खुंट्या पुसत होती, डॉक्टरीणबाई काही लिहीत होत्या. काटेसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी पाटी पुढे ओढली.

"घड्याळ लावा," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले.

डोळे मिटून त्यांनी नऊ खुंट्या छत्तीस सेकंदांत बसवल्या. तिसरी बसवताना मनगट किंचित उजवीकडे कललं. त्यांनी डोळे उघडले, खुंट्या डाव्या हातानं काढून वाटीत टाकल्या आणि पाटी टेबलावरच अर्धी फिरवली, वरची रांग खाली. आता लांबट भोक सातव्या जागी आलं.

"परत लावा."

शंभर सेकंद झाले तेव्हा पाटीत चार खुंट्या होत्या, दोन जमिनीवर, आणि एक त्यांच्या मुठीत अडकून बसली होती.

"छान," घड्याळबाई सवयीनं म्हणाली.

"छान नाही," काटेसाहेब म्हणाले. "खोटं माप आहे. घरी अशीच पाटी आहे. तीन महिने. रोज दोन तास. हिनं मापं घेतली."

"कॅलिपर यांचाच होता," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या तरुण होत्या, आणि मघाचा आनंद चेहऱ्यावरून काढून कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नसावं. मग त्यांनी पाटी उचलून तिसरं भोक जवळून पाहिलं. घड्याळबाईनंही पाहिलं. चार वर्षं ती पाटी वापरत होती, तिच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"मला हे लिहावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लिहाच."

"तुमचं नाव प्रयोगातून काढावं लागेल. आणि समजा तुम्हाला नुसतं भोक मिळालं असेल, तर वर्षानं ज्या पेशी मिळणार होत्या त्याही मग..."

"पान एकतीस," काटेसाहेब म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी आत आलात?"

"बाहेर ती बाई बसलीय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना अजिबात न अडखळता बोलता आलं.

परत बाहेर आल्यावर त्यांनी पडदेवाल्या बाईला सगळं सांगितलं. त्यांच्या वेगानं ते सांगायला बराच वेळ लागला.

"म्हणजे मी नको करू?"

"तसं नाही म्हटलं. माझ्याकडे बघून नको. बेचाळीस पानं आहेत... वाचा. मग ठरवा."

तिनं थोडा विचार केला. मग ती काटेसाहेबांना सोडून त्यांच्या बायकोकडे वळली.

"मी अजून सही केलेली नाही," ती म्हणाली. "तो सुतार कुठे असतो?"

आठवड्यानं त्यांना शेवटचं बोलावलं. बाहेर पडलेल्या माणसाचा लिफाफा उघडता येत असे. समितीच्या कारकुनानं सील फोडलं, कागद डॉक्टरीणबाईंना दिला, आणि त्यांनी तो टेबलावरून पुढे सरकवला. काटेसाहेबांना पेशी मिळालेल्या नव्हत्या. त्यांना नुसतं भोक मिळालं होतं.

बायको कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे आत काहीच घातलं नाही?"

"नाही."

"मग त्या नऊ खुंट्या?"

डॉक्टरीणबाईंनी कागद परत लिफाफ्यात घातला. "मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या आता मोजणीत नाहीत."

घरी आल्यावर बायको दोन दिवस कामापुरतंच बोलली. पेशी खरोखर मिळायच्या होत्या, फक्त सहा महिने गप्प बसायचं होतं, आणि यांनी त्या स्वतःच्या तोंडानं घालवल्या. शिवाय त्या घालवल्या कुणासाठी, तर बाकावर भेटलेल्या एका परक्या बाईसाठी. हे तिनं एकदाच बोलून दाखवलं, ताट वाढताना. काटेसाहेबांनी ऐकून घेतलं. तिचं म्हणणं त्यांना चुकीचं वाटलं नाही. बटणं मात्र ती दोन्ही दिवस लावत होती, न बोलता, आणि चौथ्याला श्वास अडकतच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं शर्ट त्यांच्या अंगात चढवला आणि समोर स्टूल ओढून बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. शेजारी स्वयंपाकघरातला टायमर होता.

"लावा," ती म्हणाली.

"अगं, खुंट्या वेगळ्या."

"खुंटी भोकात जाते. बटण भोकात जातं. मला फरक समजावून सांगू नका. लावा."

त्यांनी खालून सुरुवात केली. उजव्या हातानं कड धरायची आणि डाव्यानं बटण सारायचं. कड सुटे. ते परत धरत. पहिल्या बटणाला नऊ मिनिटं लागली. बायको मधे एकदाही पुढे झाली नाही. फक्त दोनदा तिचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तिनं ते परत खाली ठेवले. तिसऱ्या बटणाला त्यांना घाम फुटला. चौथ्याला श्वास अडकला, तो या वेळी त्यांचा. पाचवं पटकन लागलं, का ते कळलं नाही.

एकेचाळीस मिनिटांनी त्यांनी सहावं बटण लावलं आणि सातव्यासाठी हात वर नेला. सातवं बटण होतं, पण त्याला भोक उरलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. पहिलंच बटण एक घर वर बसलं होतं, आणि तिथपासून सगळीच एकेक घर चुकली होती. शर्टाची एक बाजू दोन बोटं खाली लोंबत होती. गळ्याशी एक बटण नुसतंच उभं होतं.

काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. त्यांची नजर चुकली तशी तिचीही चुकली असेल, अशी आशा करायला जागा नव्हती. शर्टाची लोंबणारी कड तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होती. तिनं टायमर बंद केला, शर्ट वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, आणि डोळे भरून आलेले असताना जेवढा साधता येतो तेवढा घड्याळबाईचा सूर साधला.

"छान," ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात त्यांनी केसभर हललेला काटा सोडला नव्हता. इथे तर दोन बोटांचा फरक होता, आणि तपासणारी त्यांच्यासमोर धडधडीत खोटं बोलत होती. तिच्याबद्दल त्यांना इतकी माया वाटली की शब्द आले असते तरी ते बोलले नसते.

ते उठले, काठी घेतली, आणि त्याच शर्टावर चौकापर्यंत जाऊन पेपर घेऊन आले. खालच्या मजल्यावर सुतार दारात उभा होता. त्यानं शर्टाकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"पास झालाय," काटेसाहेब म्हणाले, आणि जिना चढू लागले.